नऊ तास मिटलेल्या तिसऱ्या

आमच्या वेळसईच्या धक्क्यावर चौसष्ट तिसऱ्या सरकारी नोकरीत आहेत. त्यांना पगार नाही, रजा नाही, बदलीही नाही. खाडीच्या पाण्यात एका जाळीच्या पेटीत त्या पडून असतात आणि जन्मजात जे येतं तेवढंच करतात, म्हणजे शिंपले उघडतात आणि मिटतात. त्यांच्यावर देखरेख ठेवायला सरकारने एक पदवीधर बाई नेमली होती, ती मी, सानिका भाटकर. चौसष्ट जणींनी आपलं काम चोख केलं. माती खाल्ली ती पदवीधर बाईने.

हे सगळं लिहून काढते आहे ते मन हलकं करायला नव्हे. ते काही होत नाही, करून पाहिलं. पण गावात आता या गोष्टीच्या चार तऱ्हा फिरताहेत आणि त्यातल्या दोहोंत मी बरी दिसते. तेवढं तरी दुरुस्त व्हावं.

आधी यंत्राबद्दल सांगते. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांची वसाहत आहे आणि तिथे कीटकनाशकाचा एक मोठा कारखाना आहे. त्याचं पाणी कधी, किती आणि कसं खाडीत येतं हे कळायला पूर्वी एकच मार्ग होता, मासे मरून वर यायचे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर उत्तर यायला चार दिवस लागत आणि तोवर सात-आठ भरत्या येऊन खाडी धुऊन जात. म्हणून २०३९ साली हे केंद्र आलं. तिसरी पाणी आत ओढते, गाळते, त्यातलं खाणं आणि प्राणवायू ठेवून घेते आणि उरलेलं बाहेर सोडते. पाण्यात काही वावगं आलं की ती पहिल्यांदा दार लावते. आम्ही प्रत्येकीच्या एका शिंपल्यावर तांदळाच्या दाण्याएवढं लोहचुंबक चिकटवलं आणि दुसऱ्यावर तेवढाच संवेदक. दोन्हींतलं अंतर सेकंदाला दहा वेळा मोजलं जातं. एखादी मिटली तर तिची मर्जी, शेजारून खेकडा गेला असेल. पण पन्नासच्या वर एकदम मिटल्या तर संगणक भरती-ओहोटी, खारटपणा, तापमान सगळं ताडून बघतो. तरीही कारण सापडलं नाही तर धक्क्यावरचा भोंगा वाजतो आणि दोन्ही काठांवरच्या फोनांवर निरोप जातो: पाण्यात उतरू नका, काढलेलं खाऊ नका. प्रयोगशाळेचे चार दिवस, तिसऱ्यांची चार मिनिटं.

तिसरीची एकच अडचण आहे. ती कायमची मिटून राहू शकत नाही. आठ-दहा तासांनी श्वासासाठी तिला उघडावंच लागतं, मग बाहेरचं पाणी कसंही असो. उघडली की ती ते पितेच. हे वाक्य मी गावातल्या बायकांना प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या माझी नक्कल करून दाखवायच्या.

नक्कल सगळ्यात झकास करायची ती वनूकाकी. वनिता डोर्लेकर, आमच्या दोन घरं पलीकडची. चाळीस वर्षं ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणारी बाई. पेटीतल्या चौसष्ट जणी तिनेच निवडून दिल्या. दोन शिंपल्या एकमेकींवर टकटक आपटायच्या आणि आवाजावरून जिवंत की मेलेली ते सांगायचं, हे मला सहाव्या वर्षी तिनेच शिकवलं. तिची मुलगी पल्लवी माझ्याच वर्गातली. यंत्र बसलं तेव्हा बाकीच्या बायका म्हणाल्या, आता काय शिंपल्या आम्हाला शिकवणार? काकी म्हणाली, "शिंपल्या नाय, सानिका शिकवणार. आपलीच पोरगी हाय." दुसऱ्या दिवसापासून ती रोज खाडीत उतरण्याआधी मला विचारू लागली. हिरवा दिवा तिला फोनवर दिसायचा, तरी विचारायची.

आता शिमगा. आमच्या ग्रामदेवीची पालखी होळीनंतर तिसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला पलीकडच्या वाडीत जाते. दोन होड्या एकत्र बांधतात, मधे पालखी आणि भोवती आठ ढोल. तिसऱ्यांना कान नसतात, पण पाण्यातला थरथराट त्यांना बरोबर कळतो. गेल्या वर्षी पालखी खाडीच्या मध्यावर आली, ढोल घुमले, चौसष्टच्या चौसष्ट मिटल्या आणि भोंगा बोंबलला. होडीतले मुंबईकर घाबरून उभे राहिले, होडी कलली आणि देवीच्या पालखीत पाणी शिरलं. त्यानंतर वर्षभर गावात कुणाचा पाय मुरगळला तरी त्याला माझा भोंगा कारण. बाबांना सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, सगळ्या गावासमोर नारळ ठेवून चूक कबूल करावी लागली. भोंगा सरकारचा आणि नारळ बाबांचा. मी मागे उभी होते आणि पोरंटोरं तोंडाने भोंग्याचा आवाज काढत होती.

म्हणून या वर्षी मी भोंगा बंद ठेवला. यंत्रात तशी सोय आहे. 'स्थानिक कारण' निवडायचं, तारखा घालायच्या, खाली आपलं नाव टाकायचं. नोंदी चालू राहतात, फक्त इशारा थांबतो. त्या काळात दर तासाला माणसाने स्वतः आलेख बघायचा आणि शंका आली तर हाताने भोंगा वाजवायचा, असा नियम आहे. मी नियम पाळणारी बाई, म्हणून मी बोर्डही लावला: ग्रामस्थांनी नोंद घ्यावी, शिमगोत्सवानिमित्त तीन दिवस भोंगा बंद राहील. संकेतस्थळावरही टाकलं. लपवाछपवी नको, अशी आपली भूमिका. पहारेकरी कधी डोळे मिटणार हे मी दवंडी पिटून सांगितलं, आणि ते वाचता येणारे लोक खाडीच्या वरच्या अंगालाही राहतात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पालखी दुपारी दोनला पाण्यावर गेली. दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या मिटल्या. मी धक्क्यावरूनच फोनवर पाहिलं आणि हसले. साडेतीनला पाहिलं तेव्हा मिटलेल्याच होत्या. पाचला पालखी परत येऊन आमच्या दारात नाचत होती, आई ओटी भरायला तबक घेऊन उभी होती, मी पाहुण्यांना सरबत देता देता कमरेचा फोन काढून पाहिला. मिटलेल्याच. सातला पुन्हा. सरळ रेघ. स्वतःशी म्हटलं, सहाण धक्क्याला लागून आहे, ढोल कुठे थांबलेत?

ढोलांनी मिटलेली तिसरी अर्ध्या तासात उघडते. ढोल चालू राहिले तरी उघडते, तिला सवय होते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे.

मग मी हाताने भोंगा का नाही वाजवला? मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर मला आज जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला काकी आमच्या मागच्या दारी आली. डोक्यावर टोपली, कासोटा मारलेला. पल्लवी आणि तिचा नवरा विराज आदल्या दिवशीच चिपळूणहून आले होते.

"काय गो सानिका, काढू ना आज? जावई आलेत. एकशिपीचं कालवण करते म्हटलं."

माझ्या तोंडात ब्रश होता. एका हातात फोन, फोनवर आलेख. नऊ तासांची सरळ रेघ आणि मग रात्री अकराला एकेक करून उघडलेल्या चौसष्ट जणी, नेहमीपेक्षा सुस्त.

"ढोलांनी मिटल्या होत्या काकी," मी फेस थुंकून म्हटलं. "आता उघडल्यात. काढ तू."

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं गो."

ती गेली.

दुपारी तीनपर्यंत काकीकडे जेवलेले नऊ जण आडवे झाले होते. आठ जणांना उलट्या होऊन उतार पडला. विराजला पडला नाही. काकीने जावई म्हणून सगळ्यात जास्त त्याच्याच पानात वाढलं होतं, नको नको म्हणताना दुसऱ्यांदा वाढलं होतं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हे कीटकनाशक आहे. तो आठ दिवस श्वासाच्या यंत्रावर होता.

हॉस्पिटलच्या जिन्यात पल्लवी आईला म्हणाली, "काय वाढलंस त्याच्या पानात? आई, काय वाढलंस तू?" मी दोघींच्या मधे चहाचा थर्मास घेऊन उभी होते आणि थर्मासचं झाकण फिरवत होते.

विराज वाचला. पण त्याच्या उजव्या हाताला कंप राहिला. तो गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. मूर्ती यंत्रातून छापून निघतात आता, पण डोळे अजून माणसाने काढलेलेच लोकांना लागतात, आणि त्याच्या हातच्या डोळ्यांसाठी पुण्याहून माणसं येत. या वर्षी कारखान्याने त्याला बसवून ठेवलंय. काढून टाकलं नाही, एवढा चांगुलपणा.

चार दिवसांनी पाण्याचा अहवाल आला. पाणी स्वच्छ. नमुना घेईपर्यंत खाडी धुऊन निघाली होती, असंच होतं नेहमी. उरलेल्या कालवणात मात्र विष सापडलं. मग पोलीस काकीच्या घरी गेले आणि पडवीत त्यांना आंब्यावर फवारायच्या औषधाचा डबा आणि एक बादली मिळाली. मार्च महिन्यात आमच्याकडे कुणाच्याही पडवीत गेलात तरी ते मिळेल. पण जेवण काकीच्या घरचं होतं. कारखान्याने लेखी कळवलं की सदर दिवशी शासनाच्या इशारा यंत्रणेने कोणताही इशारा दिलेला नाही, सबब खाडीच्या पाण्याचा संबंध जोडणे निराधार आहे. माझं गप्प बसणं त्यांनी पुरावा म्हणून जोडलं होतं.

आणि काकीने ते मान्य केलं, हे मला सगळ्यात जड गेलं. "माझ्याच हातून बादली बदलली असंल," ती म्हणायची. "घाई होती ना. फवाऱ्याच्या बादलीत धुतल्या असतील मी." तिने घरातल्या सगळ्या बादल्या नेऊन टाकल्या. दिवसातून पंचवीस वेळा हात धुवायची. खाडीत उतरणं बंद. तिच्या हातचं पाणीही कुणी पीत नव्हतं. कुणी बोलून दाखवलं नाही, फक्त सगळ्यांना एकाएकी तहान लागेनाशी झाली. पल्लवीने आईचा फोन उचलणं बंद केलं.

मी रोज तिला डबा घेऊन जायचे. लाज मोठी चमत्कारिक असते. खरं बोलू देत नाही, पण वरणभात घेऊन पाठवते. काकी म्हणायची, "तूच एक येतेस गो." मी डब्याची कडी लावायचे आणि काढायचे.

सकाळच्या त्या प्रश्नाचा विषय तिने कधी काढला नाही. मला वाटलं, त्या गोंधळात विसरली असेल. खरं सांगायचं तर ती विसरली असावी अशी मी देवीकडे प्रार्थना केली. शिकलेल्या बाईने देवीकडे काय मागितलं ते बघा.

केंद्रात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक गोषवारा, जो कायम राहतो. त्यात त्या तीन दिवसांपुढे एवढंच होतं: स्थानिक कारण, इशारे स्थगित. दुसऱ्या कच्च्या नोंदी, प्रत्येक तिसरीच्या प्रत्येक क्षणाच्या. त्या फार जागा खातात म्हणून पंचेचाळीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. ती नऊ तासांची रेघ फक्त तिथेच होती. ती दाखवली असती तर विष पाण्यातून आलं हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं, काकी सुटली असती आणि कारखाना अडकला असता. पण त्याच पानावर इशारा कुणी बंद केला ते नावानिशी होतं आणि त्या दिवशी तो आलेख कुणी, किती वाजता उघडून पाहिला तेही. दोन वाजून दहा, साडेतीन, पाच, सात आणि सकाळी आठ वाजून बारा मिनिटं.

मला काही पुसायचंसुद्धा नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

एकेचाळिसाव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात चौकशी झाली. तालुक्याहून नायब तहसीलदार शेंडकरबाई आल्या होत्या. पलीकडे कारखान्याचा एक माणूस, अतिशय सभ्य. गाव मागे दाटीवाटीने उभं. पल्लवी आणि विराज खिडकीपाशी, काकीपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. मी केंद्राची प्रतिनिधी म्हणून टेबलाशेजारी, हातात गोषवारा. एक पान.

काकी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं: कुठे काढल्या, कधी धुतल्या, बादली बदलली असेल. आवाज बारीक, पण अडखळली नाही.

शेंडकरबाईंनी विचारलं, "पाण्यात उतरायच्या आधी केंद्रावर विचारलं होतंत का? तुमच्या गावात तशी पद्धत आहे म्हणे."

काकीने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर मी कदाचित बसूनच राहिले असते. मी लहानपणी चिखलात पडले की ती जशी बघायची, आईला सांगणार नाही अशा अर्थाने, तसं तिने बघितलं.

"नाय बाई," ती म्हणाली. "शिमग्याची गडबड. त्या दिवशी नाय विचारलं."

ती विसरली नव्हती. एकेचाळीस दिवस, रोज माझ्या हातचा डबा घेताना, तिला ते शब्दन् शब्द आठवत होतं.

शेंडकरबाई लेखनिकाला सांगू लागल्या, "केंद्रावर विचारणा केली नाही..."

"केली होती," मी म्हटलं.

मी उभी होते. कधी उठले कळलं नाही.

"सानिका, खाली बस," काकी म्हणाली. "तिला आठवत नाय बाई. पोरीचं डोकं फिरलंय कामाने."

"काकीने विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी सांगितलं की काढ. मी आलेख बघून सांगितलं."

मग मी फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि कच्च्या नोंदी उघडल्या. नऊ तासांची रेघ भिंतभर आली. प्रशिक्षणात सांगायचे तसंच सांगितलं, की ढोलाने मिटलेली किती वेळात उघडते, विषाने मिटलेली किती वेळात, आणि उघडल्यावर काय पिते. माझा आवाज छान लागला होता. त्याचीही मला लाज वाटली. मागे बायका होत्या, माझी नक्कल करणाऱ्या, त्यांतली एकही हलली नाही.

कारखान्याच्या माणसाने नम्रपणे विचारलं, "म्हणजे मॅडम, इशारा आपणच बंद ठेवला होता?"

"हो."

"आणि हे चित्र आपण त्याच दिवशी पाहिलं होतं?"

"पाच वेळा."

"मग भोंगा वाजवला का नाही?"

"लोक हसतील म्हणून."

कुणी हसलं नाही. बाबा दारात उभे होते. ते बाहेर निघून गेले.

शेंडकरबाईंनी नोंदी ताब्यात घेतल्या, कारखान्याच्या त्या दिवसाच्या सगळ्या झडपांचा तपशील मागवला, मला कामावरून थांबवल्याचं तिथल्या तिथे लिहिलं. ते सगळं व्हायचं तसं झालं आणि पुढेही होईल. काकी मात्र खुर्चीत बसली होती ती उठेना. मी जवळ गेले, खाली वाकले.

"चारचौघांत मला खोटं पाडलंस," ती हळूच म्हणाली. "मी निभावलं असतं गो. माझं वय झालंय. तू आता काय करशील?"

मला रडू फुटलं. तिने माझे डोळे पुसले नाहीत. हात उचलला होता, पण मग स्वतःच्या हाताकडे बघून तो पदराखाली घेतला. सवय.

पल्लवी खिडकीपासून उठून आली. माझ्या अगदी अंगावरून गेली आणि आईसमोर जमिनीवर बसली. तिने काकीचा पदराखालचा हात ओढून बाहेर काढला आणि आपल्या तोंडावर दाबून धरला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही.

लेखनिकाने हाक मारली. माझा जबाब लिहून झाला होता. २०४१ साल असलं तरी सरकारी जबाबाला शाईची सही लागते. मी केली. मग तो म्हणाला की बाधित व्यक्तीने हा जबाब ऐकल्याची सही खाली करायची आहे.

विराज टेबलाशी आला. त्याने पेन उजव्या हातात घेतलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. त्यामुळे कागद धरायला हातच उरला नाही. पेन टेकताच कागद सरकायला लागला. लेखनिक दुसऱ्या पानात डोकं घालून बसला होता. मी पुढे होऊन कागदाच्या दोन्ही कडा बोटांनी दाबल्या.

पहिल्या वेलांटीला बराच वेळ लागला. ती वर गेली, थरथरली, माझ्या नावावरून आडवी गेली. त्याने पेन उचललं, श्वास घेतला, पुन्हा टेकवलं. त्याची नजर पेनच्या टोकावरून हलत नव्हती, मूर्तीच्या डोळ्याशी बसायचा तेव्हा असाच बसत असेल.

"जरा हलवू नका हो," तो म्हणाला.

मी कागद हलवत नव्हते.